तासाभरानंतरचा चहा

माझ्या साडूंनी धामणगाव बढ्याच्या माणसांच्या अंगात जेवढं लोह मुरवलं, तेवढं गावच्या लोहारानं जन्मभरात ठोकलं नसेल. सरकारी दवाखान्यात लोकांचं रक्त तपासता तपासता ते निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. नमस्कार करायच्या आत समोरच्याची खालची पापणी ओढून बघत. खिशात पेनाऐवजी लिंबू. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या मेथीच्या भाजीवर न विचारता पिळून मोकळे होत. "भाजीतलं लोह लई लाजाळू राह्यते, भाऊ," म्हणत, "आंबट सोबतीले असलं तं रक्तात जाते. वरून चहा ओतला का आल्या वाटेनं बाहेर." म्हणून जेवण आणि चहा यांच्यात एक तास, हा त्यांचा कायदा. चहाचं वेड मात्र त्यांच्याइतकं गावात कुणाला नव्हतं. तास भरला की बशीत ओतून लागोपाठ दोन कप.

माझ्या लेकीला बघायला पिंपळगाव राजाची मंडळी आली, त्या दिवशी मात्र माझंच रक्त आटायची वेळ आली. मुलगा लेकीच्या मनात भरला होता, आमच्याही. जेवणं झाली, लेक चहाचा ट्रे घेऊन आली आणि साडू म्हणाले, "वापस ने बाई. तासभर कोनालेच चहा नाही."

पाहुण्यापुढचा चहा परत पाठवणं म्हणजे आमच्याकडे सोयरीक नाकारणंच. मुलाचे वडील टोपी सारखी करत उठले. "पोरगं पसंत नसन तं सरळ सांगा ना." मी मनातल्या मनात साडूंना ठेवणीतल्या शिव्या दिल्या.

साडूंचं लक्ष मुलाच्या आईकडे होतं. "वैनी, दम लागते काय तुमाले?"

बाईंनी आधी नवऱ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "लागते. दवाखान्यातल्या रक्तवाढीच्या गोळ्या रोज घेऊन राह्यली, पण फरकच नाही."

"कायच्यासंगं घेता?"

"चहासंगं."

साडूंनी कपाळाला हात लावला. "मंग ते गोळी रक्तापर्यंत पोचनच कशी? लिंबूपान्यासंगं घेत जा." आणि खिशातलं लिंबू काढून त्यांच्या हातावर ठेवलं. मुलाचे वडील बायकोकडे बघत पुन्हा खाली बसले. मग गप्पा अशा रंगल्या की तास कधी सरला कळलंच नाही. चहा आला तेव्हा आम्ही लग्नाची तारीख बघत होतो.

आता विहीणबाई न थांबता जिना चढतात आणि भेटल्या की आधी साडूंची खुशाली विचारतात. साडू गेल्या वर्षी त्यांच्या मुलाकडे पुण्याला राहायला गेले. रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो, "झाला काय तास?" मी हो म्हणतो, मग तिकडे ते आणि इकडे मी बशीत चहा ओततो. बाकीच्या दिवशी टोकणारं कुणी नसतं. तरी मी घड्याळाकडे बघत थांबतो. ते इथं होते तेव्हा हा तास बोलण्यातच संपायचा. आता तो सरता सरत नाही.