काचेवरचं कुंकू

माझी आत्या द्वारकाबाई पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारातल्या एका वस्तीवर सुईणीचं काम करायची. वस्तीवर वीज नव्हती. चिमणीच्या उजेडात तिनं कितीतरी बाळं हातावर घेतली. पण एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं, ते तिला अंधारात वेळेवर दिसलंच नाही. बाई गेली. तेव्हापासून आत्या रेणुकाईपुढं फक्त उजेड मागायची.

१९९८ साली सौरदिव्यांची योजना आली. थोडे पैसे लोकांनी भरायचे, आणि पाच घरं तयार झाली तरच माणूस येऊन दिवे बसवणार. नमुन्याचा एक दिवा वस्तीच्या कारभारींच्या घरी आधीच लागला होता. सुरुवातीला झकास चालला. दिवाळीनंतर मात्र जेवणं उरकायच्या आत मिणमिणायला लागला.

"ह्याला पैसे भरायचे?" शेजारचा पुंजाराम हसला. "माही बिडी याच्यापरीस जास्त उजेड देती!"

"आन् लाइटीचे खांब येऊन राह्यलेत म्हणं," भिवा म्हणाला. "खर्चा कशापायी?"

नावं देण्याची मुदत आठ दिवसांवर आली, तेव्हा आत्या शिडी लावून कारभारींच्या छपरावर चढली. खंडेनवमीला औतकुळवासोबत दिव्यासाठी ऊन साठवणाऱ्या छपरावरच्या काचेचीही पूजा झाली होती. तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाची बोटं, त्यांवर चिकटलेली धूळ, आणि आडवी पडलेली झेंडूची वाळकी माळ.

"नंदाबाई, ऊन पडायला जागाच न्हाई. पुसून घे."

कारभारींची बायको नंदाबाई खालीच थबकली. "कुंकू कसं पुसू, अक्का? मालक आत्ताच दुखण्यातून उठले."

आत्या वरूनच म्हणाली, "मंग मी पुसते. माह्या कपाळाचं कधीच गेलंय. माहं आता काय जायचं?"

पण जाण्यासारखं होतं. कारभारींना काही झालं असतं, तर वस्तीनं तिला पुन्हा कुठल्या बाळंतिणीजवळ बसू दिलं नसतं. हे ठाऊक असूनही तिनं काचेला हात जोडले, माळ उतरवली आणि पदर ओला करून काच लख्ख पुसली.

दोन दिवसांच्या उन्हानं दिवा पहिल्यासारखा लागला. तरी कुणी नाव देईना. लोकांचं लक्ष दिव्यापेक्षा कारभारींच्या तब्येतीकडं. आत्याही सकाळी दारात उभी राहून ते शेताकडं निघाले का, ते बघायची.

सहाव्या दिवशी कारभारीच तिच्याकडं आले. "अक्का, मी धडधाकट हाय. चला, मला घरोघर दाखवून आणा."

पाच घरं झाली. दिवे बसवायला माणूस आला, तेव्हा पुंजारामनं ओसरीतली जागा दाखवली. आत्या मध्ये आली.

"तुही सून सातव्या महिन्यात हाय. दिवा आतल्या खोलीत लागंल."

"आन् आम्ही गडीमाणसांनी कुठं बसावं?"

"चांदण्यात."

पुंजारामनं आतल्या खोलीचं दार उघडून दिलं.