डासमावशींची सही

जन्मभर कॉलेजात कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या त्या बाईंना शहरात सगळे डासमावशी म्हणत. त्यांच्या बाल्कनीत जाळीच्या पिंजऱ्यात डास पाळलेले असत. सोबत राहणारी धाकटी बहीण रोज कुरकुरायची, "लोक पोपट पाळतात, मांजर पाळतात. आमच्या ताईचं काहीतरी भलतंच!"

तापाची साथ आली आणि नगराध्यक्षांनी मावशींना सल्लागार नेमलं. गाडी, केबिन, मानधन, सगळं देऊ केलं. मावशींनी सगळ्याला नकार दिला.

"एवढंच करा," त्या म्हणाल्या, "माझा अहवाल तुमच्या टेबलावर येईल, त्याच दिवशी पालिकेबाहेरच्या फलकावरही लागू द्या."

एवढ्या स्वस्तात बाई मिळतात म्हटल्यावर नगराध्यक्षांनी लगेच मान डोलावली.

नगराध्यक्षांचा जीव धुराच्या मशीनवर. संध्याकाळी जीपमधून धूर सोडत निघाले की ढगातून देव प्रकट व्हावा तसा त्यांचा फोटो येई. आता त्यांना आणखी पाच मशीन हवी होती.

"अहवाल तयार आहे मावशी. फक्त तुमची सही."

"अरे वा! माझं मत मला न विचारताच तयार झालं?" मावशींनी कागद बाजूला सारला. "आधी बघू तरी, डासांचं काय म्हणणं आहे ते."

पुढच्या बैठकीला त्या कापडाने झाकलेला पिंजरा घेऊन आल्या. डास पालिकेच्याच आवारात पकडलेले होते. मावशींनी कापड काढलं, खिडक्या लावून घेतल्या आणि मशीन मागवलं. धूर सुटला मात्र, सभासद नाकाला रुमाल लावून बाहेर पळाले. नगराध्यक्ष तर दारावरच आपटले. धूर ओसरल्यावर सगळे डोळे पुसत आत आले, तर पिंजऱ्यात दोन-चार आडवे पडलेले आणि बाकीचे मजेत गुणगुणताहेत.

"माणसं पळाली, डास राहिले," मावशी म्हणाल्या. "तुमच्या औषधाला ते सरावलेत. आणि यांचं माहेर तुमच्याच गच्चीवरची उघडी टाकी आहे. टाक्यांना झाकणं लावा, घरोघरचं साठलेलं पाणी ओता."

"अहो, धूर लोकांना दिसतो. झाकण कुणाला दिसतंय?"

"ते गणित तुमचं, निर्णयही तुमचा. हवी तर दहा मशीन घ्या. फक्त तो निर्णय माझ्या तोंडी घालू नका."

अहवाल फलकावर लागला. लोक वाचायचे आणि नगराध्यक्षांकडे बघून हसायचे. त्यांनी रागाने मावशींना बैठकीला बोलावणं बंद केलं. मावशी प्रेक्षकांत येऊन बसू लागल्या. शेवटी नाक राखायला एक मशीन आलं आणि उरलेले पैसे झाकणांवर गेले. ताप उतरू लागला.

बाजारपेठेत मात्र काही केल्या उतरेना. तिथे मावशींनी गटाराकडे बोट दाखवलं होतं. त्या स्वतः घरोघर हिंडल्या, तेव्हा डासांच्या अळ्या सापडल्या फ्रिजमागच्या ट्रेमधल्या पाण्यात. लगेच त्यांनी फलकावर लावलं : गटाराचा माझा अंदाज साफ चुकला, ट्रे रिकामे करा.

नगराध्यक्षांचा आनंद गगनात मावेना. ते बाजारात दुकानोदुकानी जाऊन तो कागद मोठ्याने वाचून दाखवू लागले.

बहीण तणतणली, "ताई, तो तुझ्या चुकीचा डंका पिटतोय गावभर!"

"पिटू दे की," मावशी म्हणाल्या. "शेवटची ओळही वाचतोय ना?"

वाचत होते. आणि त्या आठवड्यात बाजारपेठेतले ट्रे धडाधड रिकामे झाले.