पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट

मागच्या शुक्रवारी दुपारी अमरावतीच्या दवाखान्यातून शांताच्या रक्ताचा रिपोर्ट हातात पडला... आणि सोमवारपर्यंत मी माणसात नव्हतो.

शांता माझी थोरली. तेल्हाऱ्याला दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणासाठी भातकुलीला माहेरी आणलेली. आठ दिवस संध्याकाळी तिचं अंग कोमट लागायचं, म्हणून डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला घेतलं होतं.

रिपोर्ट देणारा म्हणाला, बाई गावाला गेल्यात, सोमवारी या. कागद सगळा इंग्रजीत. माझं शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत झालेलं... कचेरीत मी दफ्तरी आहे, फायली सांभाळतो, पण इंग्रजी आकड्यांपलीकडे माझी गाडी जात नाही. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला तो दाखवला.

त्याने दोनदा वाचला आणि आवाज खाली आणला. "भाऊ, पांढऱ्या पेशी दुप्पट झाल्या हायेत. माह्या साळ्याचं असंच निघालं होतं."

"मग?"

"नागपूरले नेलं होतं त्याले... रक्ताचा कर्करोग. जाऊ दे, तुमी घोर लावून नका घेऊ."

एवढं सांगून वर घोर लावून घेऊ नका! रिपोर्टची घडी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि सायकलवर घरी आलो. घरी सांगितलं, रिपोर्ट अजून आला नाही.

आयुष्यात मी फार कमी वेळा खोटं बोललो असेन. पण शांता चुलीजवळ बसून भाकरी थापत होती, तिची माय तिला हसत काहीतरी सांगत होती... कसं बोलणार?

माझ्या बापावर अशी वेळ आली असती तर त्याने देवीला बकरं कबूल केलं असतं आणि निर्धास्त झोपला असता. आम्ही धम्मदीक्षा घेतली त्याला आठ-नऊ वर्षं झाली. नवस सुटले, त्याचं दुःख नाही. पण त्या तीन दिवसांत कळलं, की नवस नसला की भीती ठेवायला जागाच उरत नाही... सकाळी त्रिशरण म्हणताना दोनदा मधेच अडलो. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि डोळ्यांपुढे तो आकडा.

शांता मला रोज जास्त फिकी दिसायची. रविवारी ती अंगणात जपून, एक पाय टेकवत नाही टेकवत अशी चालत होती. मी म्हटलं, झालं... अंगातलं बळ गेलं.

सोमवारी तिला आणि तिच्या मायला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट मागितला, मी तो खिशातून काढला. शांताची माय माझ्याकडे बघतच राहिली.

"अवो, तुमी तर म्हणाले, रिपोर्ट आला नाई!"

मी खाली मान घातली. बाईंनी कागद वाचला. "पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. गरोदरपणात त्या थोड्या वाढतातच. पण एवढ्या नाही. कुठंतरी लढाई चालू आहे... शांता, जखम वगैरे आहे का कुठं?"

शांताने पाय लुगड्यात ओढून घेतला. तेवढं बाईंना पुरलं. डाव्या टाचेला चिंधी बांधलेली होती. ती सोडली तर टाच सुजून लाल झालेली, भेगेतून पू येत होता.

"हे काय लावलंय?"

माय-लेकी एकमेकींकडे बघू लागल्या. मग माय म्हणाली, "टाचेले भेगा होत्या बाई. बिब्बा तापवून त्याचं तेल सोडलं. तो उतला जरासा, फोड आले."

"गरोदर पोरीला बिब्बा?"

"माह्या सासूनं मलेबी लावला होता. माहे पाय काई झडले नाईत."

"तुमचं नशीब," बाई म्हणाल्या.

मी बिब्ब्याला नाही म्हणतो, म्हणून दोघींनी माझ्यापासून लपवलं होतं. आणि मी रिपोर्ट लपवला होता. एकाच घरात, एकाच पोरीच्या जिवासाठी...

धीर करून कारकुनाच्या साळ्याचं विचारलं. बाई उठून आतल्या खोलीत गेल्या, परत येऊन म्हणाल्या, "हिच्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघून आले. त्या आजारात पेशींचं रूपच वेगळं असतं. या साध्या राखणदार पेशी आहेत. हा पू आहे ना, तो लढून मेलेल्या पेशींचाच. पण वेळेवर आलात. विष रक्तात पसरलं असतं तर दोघांच्याही जिवावर बेतलं असतं."

पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. निघताना मला राहवलं नाही. विचारलं, "बाई, या पेशी परकं काही दिसलं की तुटून पडतात. मग बाळ? ते तर निम्मं दुसऱ्या घरचं..."

"दुसऱ्या घरचं काहून?" शांताची माय मधेच म्हणाली. "जावई का परका हाये?"

बाई हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "खरं सांगू? मोठमोठे डॉक्टर हेच विचारतायत. मला नाही माहीत. पण त्याला त्या हात लावत नाहीत, एवढं खरं."

परतीच्या वाटेवर तेच डोक्यात होतं. टाचेपाशी जिवावर उदार होऊन लढणाऱ्या त्या पेशी, थोडं वर गर्भापाशी मात्र हत्यार खाली ठेवतात. कुणी शिकवलं त्यांना? आपण मैत्री, करुणा म्हणून रोज म्हणतो... ती रक्तातच लिहिलेली असेल असं कधी वाटलं नव्हतं.

काल दुसरा रिपोर्ट आला. आकडा उतरलाय, ताप नाही. बाळ यायला अजून सहा आठवडे आहेत, आणि माझी भीती काही गेलेली नाही... फक्त कालच्या रिपोर्टातला आकडा मी घरी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, आणि आता ती भीती आम्ही तिघं मिळून सांभाळतो.