काठ नसलेला समुद्र

"भाऊ, याले काठ कोठी आहे?"

नामदेवराव काकांनी हे विचारलं तेव्हा आम्ही ओमानमधल्या एका डोंगराच्या रिजवर बसलो होतो. रिज म्हणजे डोंगराची वरची अरुंद धार. डावीकडे आम्ही चढून आलेला उतार होता. उजवीकडे उतार नव्हताच. कडा सरळ खाली समुद्रात गेला होता.

मी ट्रेक लीडर आहे. राहतो वर्ध्याला, पिपरी मेघेत. नोकरी नागपूरच्या एका टूर कंपनीत. लोकांना डोंगरावर न्यायचं आणि तितक्यांना परत आणायचं, एवढंच माझं काम. क्लायंटच्या प्रश्नाला उत्तर नाही असं माझं सहसा होत नाही. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, अजून किती राहिलं. या प्रश्नाला मात्र मी पाण्याची बाटली पुढे केली.

काकांना इथं मी आणलं ते त्यांच्या सुनेच्या सांगण्यावरून. प्रणाली तिचं नाव. केळझरजवळच्या एका गावात त्यांचं घर आणि केळीची बाग. प्रणाली सेलूच्या शाळेत शिकवते. तिचा नवरा निखिल मालवाहू जहाजावर नोकरीला होता. दीड वर्षापूर्वी याच समुद्रात, जहाज चालू असताना, तो डेकवरून पडला. शोध झाला, सापडला नाही. कंपनीनं कळवलं, बेपत्ता.

माणूस मिळाला नाही तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मग दिवस करायचे. गुरुजींनी तसं सांगितलं, काकाही तयार झाले. निखिलची आई, शांताकाकू, आडव्या आल्या. "पानाचा पोरगा मी जाळू देत नाई," म्हणाल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. निखिल लहानपणापासून बोर नदीत पोहलेला. पुरातही पलीकडे जाऊन यायचा. पाणी आहे तिथं काठ असतोच. काठाला लागला असेल, कुठल्या तरी गावात असेल, आज ना उद्या येईल.

"आई कोणाचंच ऐकत नाई सर," प्रणाली ऑफिसात बसून मला सांगत होती. "फक्त बाबाचं ऐकते. बाबानं सोताच्या डोळ्यानं पाहून सांगतलं तर मानीन म्हणते. तुम्ही त्याइले समुद्र दाखवा. नीट दाखवा."

"नीट म्हणजे?"

"आशा राहणार नाई असा."

मग म्हणाली, "माह्या भावानं अमरावतीच्या शाळेत माह्यासाठी जागा पाह्यली आहे. ते लोकं थांबून आहेत. पण विधी झाल्याबिगर मी हे घर कशी सोडू? आई म्हणते, नवरा आला अन् बायको घरी नाई, असं व्हाले नाई पाहिजे."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलता आलं असतं.

साहेबांना सांगितलं तर ते उखडले. "अबे, एका क्लायंटसाठी कोणी ट्रिप काढतं का? अन् तेही बासष्ट वर्षाच्या माणसाले घेऊन?"

"साहेब, ते रोज बागेत राबतात. तुमच्यापेक्षा फिट आहेत."

"बोटीवरून दाखव नं समुद्र."

बोटीचा विचार मी आधीच करून सोडला होता. बोटीतून एका वेळी एकच खडक दिसतो. माणसाला वाटत राहतं, पुढच्या वळणाला असेल वाळू. वरून सगळा किनारा एकदम दिसतो. शिखर मी त्याच हिशोबानं निवडलं. कामात मी चोख आहे, दुर्दैवानं.

प्रॅक्टिससाठी काकांना गिरडच्या टेकडीवर नेलं. ते दर्ग्यापर्यंत न थांबता चढले आणि वर माझी वाट पाहत उभे राहिले. पण आपला दगड काळा. पाय ठेवला की धरतो. तिकडे सगळी चुनखडी, म्हणजे ज्याचा चुना होतो तो दगड. पावसाच्या पाण्यानं तो थोडाथोडा विरघळतो आणि उरतात त्या नुसत्या धारा. हात टेकवला तर सोलून निघतो. वर पाणी टिकत नाही, सगळं भेगांतून खाली जातं. झाड नाही, सावली नाही. म्हणून गेलो ते थंडीत, पाणी पाठीवर घेऊन. बरोबर सलीम नावाचा तिथला गाइड होता. त्याला हिंदी चांगलं येत होतं.

काका चढताना कुठंच थांबले नाहीत. रिजवर पोचलो आणि त्यांनी काठ विचारला.

माझी बाटली बाजूला ठेवून ते सलीमकडे वळले. "भाई, यहाँ कोई पानी में गिरे, तो बाहर कहाँ से निकलेगा?"

सलीमला मी सगळं आधीच सांगितलं होतं. त्यानं डोक्याचं कापड नीट केलं. "नहीं निकलता चाचा. देखो आप. नाव बाँधने को भी जगह नहीं."

काकांनी पाहिलं. डावीकडून उजवीकडे, सावकाश. करडे कडे एकामागे एक पाण्यात उतरलेले होते आणि प्रत्येकाच्या पायाशी पांढरा फेस. लांबवर जहाजांची रांग चाललेली. मी हेच दाखवायला त्यांना आणलं होतं. जसं हवं तसं दिसत होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्यांनी एक दगड उचलला. आपल्याकडे अनोळखी विहिरीत पाणी किती खोल आहे ते पाहायला दगड टाकून कान देतात, तसा त्यांनी तो कड्यावरून सोडला. मान तिरकी करून ऐकत राहिले. वारा होता. खालून काहीच आलं नाही.

"ऐकू आलं तुमाले?"

"नाही काका."

"मलेही नाई."

मग ते खाली बसले. मी प्रणालीसाठी फोटो काढले, चारी बाजूंचे. ते माझ्या कामात धरलेलं होतं. वारा वाढत होता. आमच्या कामात परत फिरायची वेळ आधी ठरलेली असते. ती झाली की शिखर चार पावलांवर असलं तरी फिरायचं. मी म्हणालो, "काका, निघू या."

ते हलले नाहीत.

"काका, वाऱ्यात ही धार उतरता येणार नाही."

"तुम्ही जा नं. मी बसतो पोरापाशी."

सलीम माझ्याकडे बघायला लागला. अशा वेळी काय करायचं याचं ट्रेनिंग असतं. आवाज चढवायचा नाही, हाताला धरून ओढायचं नाही, माणसाला त्याच्या घराची आठवण करून द्यायची. मी दिली. "काकू वाट पाहून राहिल्या असतील."

हे बरोबर लागू पडलं. काका उठले. सगळी धार ते माझ्या पावलावर पाऊल टाकत उतरले, कुठंही चुकले नाहीत. खाली गाडीपाशी आल्यावर एवढंच म्हणाले, "तिले काय सांगू?"

"जे पाहिलं ते सांगा."

"हो, तेच सांगतो," ते म्हणाले.

हॉटेलात नेटवर्क आलं तसे मी प्रणालीला फोटो पाठवले. तिचं उत्तर लगेच आलं. 'पाहिले सर. थँक्यू. गुरुजींना निरोप देते.'

नागपूरला उतरून मी त्यांना गाडीनं गावी सोडलं. अंगणात गोठ्याच्या पत्र्याखाली पळसाच्या पानांचा भारा आणून ठेवलेला होता. काकांनी तो पाहिला. मग नळावर पाय धुवायला बसले. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते तरी धूतच राहिले.

काकू दारात आल्या. पाणी नाही, चहा नाही, प्रवास कसा झाला नाही.

"काठ होता का?"

प्रणाली त्यांच्या मागे उभी होती. काकांनी नळ बंद केला. काकूंकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. तोंड उघडलंही त्यांनी.

"होता," ते म्हणाले. "लय मोठा काठ आहे. गावं आहेत."

काकूंच्या तोंडावर जे आलं ते मला बघवलं नाही. "मी म्हणत नव्हते? सारे मले येडी म्हणत होते!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्हीही पाह्यला नं?"

माझ्या खिशात मोबाइल होता. मी प्रणालीकडे पाहिलं. बोलायचा हक्क कोणाचा असेल तर तिचाच होता. तिनं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. ते ओले पाय घेऊन तसेच उभे होते.

"सरांनी फोटो धाडले होते आई," ती म्हणाली. "मी पाह्यले. काठ आहे."

आणि चहा ठेवायला आत गेली. जाताना तिनं पत्र्याखालचा भारा उचलला आणि गाईपुढे नेऊन टाकला. गाईनं तो हुंगला आणि मान फिरवली. पळस गाई खात नाहीत, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

अमरावतीची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. प्रणाली अजून सेलूलाच शिकवते.

ट्रिपच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं, क्लायंट सुरक्षित परत, ट्रेकचा उद्देश पूर्ण. साहेब खूश झाले. आता असा कोणी आला की मी तब्येत विचारतो, बूट विचारतो आणि शेवटी विचारतो, खाली उतरल्यावर घरी काय सांगाल? उत्तर येत नसेल तर मी ट्रिप घेत नाही. साहेब म्हणतात, असं विचारत बसलास तर धंदा बसेल. बसू दे.