कोण म्हणतंय? नाव सांग!

फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. भावकीतला एक जण धापा टाकत बोलत होता, "आक्का, सिरसाळ्याच्या स्टँडवर दत्ताला लई मारलंय म्हणत्यात..." म्हणत्यात! माझ्या भावाला जन्मभर ज्या शब्दाची चीड, त्याच शब्दातून त्याची बातमी माझ्यापर्यंत आली. मी पोचले तोवर सगळं संपलं होतं. पांढरा सदरा लाल झालेला, लोखंडी पायपांनी डोकं फोडलेलं, उजवा हात कोपरातून उलटा वळलेला. मुडदा बसवला त्या मारणाऱ्यांचा! आणि ज्यांनी ते बघून दुकानांची शटरं ओढून घेतली, त्यांना काय म्हणू...

दत्ता माझ्या पाठचा. कॉलेजात मराठी शिकवायचा, वक्तृत्वाच्या पोरापोरींची भाषणं बसवून घ्यायचा. पोरं मोबाईलवरून दोन पानं उतरवून आणायची आणि "असं म्हणतात की..." करून सुरू व्हायची. झालं! लाकडी डस्टर धाडकन टेबलावर. "कोण म्हणतंय? नाव सांग!" खडूचा धुरळा उडायचा, पोरं दचकायची. "जा, ज्यानं बघितलंय त्याला गाठ. न्हाई गावला तर ते वाक्य खोड." मी म्हणायचे, "अरे, पोरांचं भाषण हाय, कोर्टकचेरी न्हाई." तो हसायचा. "आक्का, सवय तर लागू दे."

त्याच पोरींतल्या सोनालीनं नदीचा विषय घेतला. "रात्री वाळू उपसतात असं म्हणतात," एवढंच बोलली आणि डस्टर आपटलं. पोरगी जिद्दीची. नदीकाठी घरोघर फिरली, ज्यांच्या विहिरी खचल्या त्यांना बोलतं केलं, भाषणात नाव घेऊ का म्हणून प्रत्येकाला विचारलं. स्पर्धेत भर सभेत तिनं कुणी काय पाहिलं ते नावानिशी सांगितलं, ट्रॅक्टर कुणाचे तेसुद्धा. टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, त्या ट्रॅक्टरवाल्यांनी दत्ताला गाठलं. "पोरींना नावं घ्यायला शिकवतो काय बे?" असं ओरडत मारत होते. हे मला कुणी सांगितलं, ते पुढं येईलच.

शोकसभा त्याच्याच वर्गात झाली. भाषणांवर भाषणं. "चौघं होते म्हणतात." "पांढरी गाडी होती म्हणतात." अख्खा बाजार भरलेला आणि बघितलं कुणीच नाही! माझं टाळकं सणकलं. टेबलावरचं डस्टर उचललं आणि सगळा जीव एकवटून आपटलं. "कोण म्हणतंय? नाव सांगा की!" तेवढ्यात मागून सोनाली उठली. बापानं तिचा हात धरून खाली ओढलं, "गप बस, तुलाबी मारत्याल!" तिनं हात हिसडला.

"मी म्हणते. यष्टीची वाट बघत उभी होते. मी बघितलं."

आणि एकेकाचं नाव घेतलं.

परवा पोलिसांत जबाब द्यायला जाण्याआधी बाप तिला माझ्याकडे घेऊन आला. सभेत तिला गप बसवणारा तोच, पण आला. सोनाली म्हणाली, "आक्का, एकदा बोलून बघू का?" वर्गातून घरी आणलेलं दत्ताचं डस्टर घेऊन मी समोर बसले. त्यातली खडूची भुकटी मी अजून झटकलेली नाही. ती बोलत गेली... पहिला घाव कुणी घातला, सर पडल्यावर छातीवर पाय कुणी दिला, कोण काय ओरडलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पण कान तिच्या प्रत्येक वाक्यावर होते.

डस्टर एकदाही आपटावं लागलं नाही.