सत्यशीलावर आलेला आळ

परतूरची सत्यशीला नवरा गेल्यावर नवीन जालन्यात आली आणि घरोघरच्या आजारी म्हाताऱ्यांचं करून पोट भरू लागली. राधेश्यामभाऊंच्या घरी तिनं चार वर्षं काढली. त्यांच्या आईला, पुष्पाबाईंना, अर्धांगवायू झालेला, वाचाही गेलेली. दुधात भाकर कुस्करून भरवायची, अंग पुसायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, सगळं सत्यशीलाच करी.

रविवारी तिची सुट्टी. सोमवारी यावं तर म्हातारी ओल्या चादरीवर तशीच पडलेली. होता होता पाठीला जखम झाली. पुण्याहून म्हातारीची मुलगी आकांक्षा आली, जखम बघून हादरली. तिनं विचारलं तेव्हा सत्यशीला खरं तेच बोलली, "ताई, रविवारी यांना कुणी हलवत न्हाई."

बहीण-भावात कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी सत्यशीलाचं काम सुटलं.

तेवढ्यावर भागतं तर तिनं गिळलं असतं. पण राधेश्यामभाऊ नातेवाइकांत, गल्लीत सांगत सुटले, "त्या बाईनं आईला मारलं. पाठ बघा जाऊन." नव्या घरी लागलेलं काम आठ दिवसांत गेलं. पुढच्या घरी तर दारातूनच परत पाठवलं.

शेवटी ती राधेश्यामभाऊंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भाऊ, मी कव्हा हात उचलला? माझ्या तोंडावर सांगा."

"हळू बोल. लोक ऐकू राह्यले."

"ऐकू द्या की! तुम्ही सांगितलं ते बराबर ऐकलं ना त्यांनी?"

तिचा आवाज ओळखून आतून म्हातारी घशातल्या घशात ओरडू लागली. सत्यशीलाला राहवलं नाही. ती सरळ आत गेली. पुष्पाबाईंनी चालत्या हातानं तिचं मनगट धरलं ते सोडेचनात. डोळ्यांतून धारा. सून भिंतीकडं बघत राहिली. राधेश्यामभाऊंनी आईचं एकेक बोट सोडवलं आणि म्हणाले, "झालं? आता निघ."

दारात जमलेल्या बायकांनी हे सगळं पाहिलं. पण त्यांच्यापैकी एकीनंही कुठं तोंड उघडलं नाही.

सत्यशीला आता बियाण्यांच्या गोदामात बी निवडायला जाते. पुष्पाबाई गेल्याचं तिला बाजारात कळलं, तेही चार दिवसांनी. भाजी न घेताच ती घरी आली.

"त्यांना गार पाणी बिलकुल सोसत न्हवतं," ती लेकीला, भावनाला, म्हणाली. "शेवटची आंघोळ कुणी घातली असंल गं?"

भावनानं तिला पाणी दिलं. तिनं ते नुसतंच हातात धरलं.