किलोभाऊंनी निवडलेली गाडी

किलोभाऊंच्या हातात कोणतीही वस्तू दिली की ते ती क्षणभर तोलत आणि वजन सांगत. आमच्या इराच्या बारशाला मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, बाळ त्यांच्या हातात ठेवलं, तर आशीर्वाद द्यायच्या आधी ते म्हणाले, "चार किलो दोनशे. दुपट्यासकट." आदल्याच दिवशी मी हॉस्पिटलच्या काट्यावर तिचं वजन करून आणलं होतं. दुपटं वजा केलं तर भाऊ बरोबर होते. सगळे हसले, मीही हसलो. पण पाहुण्यांना मुलीचं वजन मी सांगणार होतो, आणि ते या माणसाने सांगून टाकलं, हे काही मला आवडलं नाही.

भाऊ मूळचे इस्लामपूरचे. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर एका वेअरहाऊसमध्ये लॉऱ्या भरून घेणं हे त्यांचं वीस-बावीस वर्षांचं काम. कुठलं खोकं लॉरीत कुठे बसायचं हे ते नुसतं उचलून ठरवत. किलोभाऊ हे नाव मराठी मंडळाने ठेवलं आणि त्यांनी ते पदवीसारखं वागवलं. त्यांच्याकडे एक जुनी, ठेंगणी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती गाडीच्या मागे जोडून ते आणि शैलावहिनी वेल्सला नाहीतर डेव्हनला जात. मुलगा एडिनबराला नोकरीला लागल्यावर त्यांची मागची सीट रिकामी झाली, आणि त्या सीटवर सात वर्षांची इरा बसायला लागली.

मला सुट्टी मिळायची नाही असं नाही, पण ती नेमकी त्या दिवसांत मिळायची नाही. इरा परत यायची ती 'काका म्हणाले'ची भली मोठी यादी घेऊन. काका म्हणाले, समुद्राकडे तोंड करून कॅराव्हॅन लावायची नाही, दार वाऱ्याने उडतं. काका म्हणाले, चहा उकळताना खिडकी उघडी ठेवायची. मी जेवताना मान डोलवायचो आणि आतून जळायचो. मी हॉस्पिटलात कन्सल्टंट डॉक्टर, घर मोठं, दारापुढे दोन गाड्या. आणि माझ्या मुलीचं दैवत कोण, तर लॉऱ्या भरणारा माणूस. हे असं मनात यायचं याची मला लाज वाटायची, पण यायचं ते यायचंच. कधीतरी इराने माझ्या गाडीतून सुट्टीला जावं आणि परत येऊन 'बाबा म्हणाला' असं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

ती चौदा वर्षांची झाली त्या वर्षी माझ्या विभागातले एक निवृत्त होणारे डॉक्टर त्यांची कॅराव्हॅन विकत होते. मी ती घेतली. आता ती ओढायला गाडी हवी होती. अशा वेळी सगळं मराठी स्लाऊ भाऊंना फोन करायचं. मी केला नाही. मी एकटा शोरूममध्ये गेलो आणि काचेचं छप्पर असलेली, मोरपंखी रंगाची, नवी कोरी हायब्रिड फॅमिली कार घेऊन आलो. ती कॅराव्हॅन ओढेल का, हे मी विचारलंसुद्धा नाही. एवढी मोठी गाडी, ओढेलच, असं मी गृहीत धरलं. मग मुद्दाम भाऊंना चहाला बोलावलं.

भाऊंनी रंगाकडे पाहिलं नाही, छपराकडे पाहिलं नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं, गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि दाराच्या चौकटीवरची वजनांची पट्टी वाचायला लागले. बराच वेळ वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, गाडी देखणी आहे. पण हिच्यावर गाडी आणि कॅराव्हॅन मिळून किती, तो आकडाच नाही. म्हणजे हिला ओढायची परवानगीच नाही."

इरा शेजारीच उभी होती. "म्हणजे बाबाचा कार काहीच नाही ओढू शकत?" तिने विचारलं. भाऊ म्हणाले, अगं, ती शहरातल्या कामाची आहे. त्यांनी मला असं सांभाळून घेतलं याचाच मला जास्त राग आला.

ती गाडी महिन्याभरात परत गेली आणि मी मुकाट्याने भाऊंच्या मागे फिरायला लागलो. सलग तीन शनिवार आम्ही जुन्या गाड्या पाहिल्या. त्यांची पद्धत ठरलेली. आधी पट्टी. मग गाडीचं रिकामं वजन, आणि भरलेली कॅराव्हॅन त्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत बसते का याचा हिशेब. मग इराला मागे बसवून बेल्ट लावायला सांगायचे, कारण सहा तास तीच बसणार. "ओढणारं जड पाहिजे, डॉक्टर," ते म्हणायचे. "मागचं जड झालं की चालवणारे तुम्ही नसता." मला आवडलेल्या पाच गाड्या त्यांनी नापास केल्या आणि सहावी पास केली. आठ वर्षं जुनी, चिखलाच्या रंगाची, उंच डिझेल गाडी, आत आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा वास. मी नाक मुरडलं. इरा म्हणाली, "काका म्हणतात तर हीच." आणि हीच आली.

मग सामान. मंडळाची चार कुटुंबं डेव्हनला कॅराव्हॅन लावायच्या एका साइटवर जमणार होती आणि मेधाने सगळ्यांच्या पोळ्यांचं अंगावर घेतलं होतं. आपली माणसं चार दिवसांसाठी निघाली तरी तिथे दुकानच नसल्यासारखी निघतात. कणकेच्या दहा किलोंच्या दोन पिशव्या, दहा किलो तांदूळ, मोठा कुकर, दोन तवे, आंब्यांच्या पेट्या. भाऊंनी आदल्या दिवशी येऊन बाथरूमच्या काट्यावर एकेक वस्तू तोलली आणि जागा नेमून दिली. जड ते सगळं मध्ये, चाकांच्या वरच्या भागात, अगदी तळाशी. मागच्या टोकाला वजन गेलं की कॅराव्हॅन डोलते, म्हणून मागच्या बिछान्याखाली फक्त पांघरुणं.

सकाळी निघताना मी कणीक, तांदूळ आणि आंबे उचलून मागच्या बिछान्याखाली टाकले. तसं करायला काही कारण नव्हतं. माझी कॅराव्हॅन, माझी गाडी, आणि त्यातली एकही गोष्ट माझ्या मनाने ठेवलेली नव्हती, एवढंच.

एम-फाइव्ह मोटरवेवर एका लांब उतारावर शेजारून भलीमोठी लॉरी गेली आणि मागची कॅराव्हॅन डोलायला लागली. आधी थोडी, मग गाडीचं ढुंगण उचलून इकडून तिकडे फेकल्यासारखी. मेधाने दाराची कडी धरली. आरशात इराचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. माझा पाय ब्रेककडे गेला होता, पण भाऊंनी तीन शनिवार घोकून घेतलेलं आठवलं: ब्रेक नको, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, बाकी गाडीवर सोडायचं. मी सोडलं. त्या चिखलाच्या रंगाच्या धुडाने दोन-तीन हेलकावे खाल्ले, अंग सावरलं आणि कॅराव्हॅनला ओढून सरळ केलं. मोरपंखी गाडी असती तर, समजा ती ओढू शकली असती तरी, आम्ही कठड्यावर गेलो असतो.

मोटरवेवरच्या विश्रांतीच्या थांब्यावर थांबलो तेव्हा इराने मला घट्ट मिठी मारली. "बाबा, तू पॅनिकच नाही केला," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. कणकेचं मी तिला सांगितलं नाही.

साइटवर भाऊ आधीच पोचले होते. पांघरुणं काढायला म्हणून त्यांनी मागचा बिछाना उचलला आणि कणकेच्या पिशव्यांकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात इरा धावत आली आणि सगळी हकीकत सांगायला लागली. आता सगळं बाहेर येणार म्हणून मी मान खाली घातली.

"लॉरीच्या वाऱ्याने होतं असं," भाऊ म्हणाले. "तुझा बाबा होता म्हणून सावरली. माझे तर हात थरथरले असते."

मग इरा गेल्यावर त्यांनी एकेक पिशवी उचलून मध्ये नेऊन ठेवली. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "राहू द्या, डॉक्टर. तुम्ही दमलाय." ज्या माणसाने शंभर ग्रॅमचंही खोटं कधी सांगितलं नाही, तो माझ्यासाठी एवढं खोटं बोलला. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानले नाहीत. पुढे आमच्यात तो विषय निघाला नाही.

इरा मात्र ती गोष्ट चार वर्षं सांगत राहिली. मैत्रिणींना, आजीला, मंडळात. मी त्या गोष्टीवर जगत होतो. दरम्यान भाऊंचे गुडघे गेले, डोळे मंदावले, आणि ते कॅराव्हॅन विकून मुलाकडे एडिनबराला राहायला गेले. यंदाच्या फेब्रुवारीत भाऊ गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला. आम्ही भाऊंनी निवडलेल्या त्याच गाडीने आठ तासांचा प्रवास करून अंत्यविधीला गेलो.

क्रिमेटोरियममध्ये इरा इतकी रडली की शैलावहिनीच तिला जवळ घेऊन बसल्या. मी गेल्यावर ही एवढी रडेल का, असा विचार तिथे, त्या शवपेटीसमोर, माझ्या मनात आला. लिहायला लाज वाटते, पण आला. नंतर भाऊंच्या मुलाच्या घरी सगळे आठवणी सांगायला लागले आणि इराने डेव्हनची गोष्ट काढली. "काका मला म्हणाले होते, बाबाने सावरली," ती म्हणाली. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. शैलावहिनींनी तर माझ्यापुढे हात जोडले. तेव्हा मात्र मला ते सहन झालं नाही.

"कणीक मी मागे ठेवली होती, म्हणून कॅराव्हॅन डोलली," मी म्हणालो. "भाऊंनी नको सांगितलं होतं, तरी. त्यांनी ती पाहिली होती. ते तुझ्याशी खोटं बोलले, माझ्यासाठी."

इराने माझ्याकडे वळून पाहिलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं, रागावली असती तर बरं झालं असतं. "काकांनी कधीच नाही सांगितलं मला," ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली. ते रडणं माझ्यासाठी नव्हतं. मला भाऊंचा पुन्हा हेवा वाटला, आणि या वेळी तो वाटला याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.